तिखट नसलेलं काहीतरी

माझ्या नातीनं मला दिलेलं पहिलं विशेषण 'तिखट' हे होतं. तोंडावर दिलं, आणि तेही कोरियन भाषेत. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं. विशेषणाचे प्रकार फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा कायमचा दुखरा करून घेतला. आणि स्वतःच्या नातीकडून विशेषण मिळालं ते परक्या भाषेतलं. हसावं की रडावं, ते मला त्या वेळी कळेना. आधी रडले. हसायला बरेच दिवस लागले.

परवा कपाट आवरताना ती वही सापडली. साधी, दोनशे पानी, वर मोराचं चित्र. पहिल्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात 'कोरियन भाषा : प्राथमिक' असं लिहिलेलं आणि खाली लाल शाईची दुहेरी रेघ. मास्तरकी हाडात मुरली की अशी रेघ आपोआप पडते. वही चाळत मी तिथंच, कपाटासमोर फरशीवर बसले. दुपारचा चहा राहिला, संध्याकाळचा देवाजवळचा दिवासुद्धा यांनीच लावला.

मुलगा कोरियात असतो. जहाजं बांधणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. सून गुणी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मुलाबद्दल होती आणि आहे. त्यानं आपल्या मुलीला मराठी शिकवलं नाही. "आई, कामावरून घरी येईपर्यंत ती झोपलेली असते," असं तो म्हणायचा. झोपलेली असते तर रविवारी काय करतोस, असं मी विचारलं की नेमकं नेटवर्क जायचं. मराठीच्या बाईची नात, आणि तिला 'आजी' म्हणता येत नाही. हे दुःख मी शाळेतल्या कुणा मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं.

मग एका नोव्हेंबरात त्याचा फोन आला. जानेवारीत पंधरा दिवसांसाठी येतोय, तिघेही. नात पाच वर्षांची झाली होती आणि मी तिला अजून हात लावून पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या मनानं एकच घेतलं. तिनं माझ्याजवळ यावं, मला काहीतरी मागावं, आणि मधे तिच्या बापानं तोंड न घालता मला ते कळावं आणि मी ते द्यावं. फार नाही, एकदाच. आजीपणाची माझी सगळी अपेक्षा तेवढ्यात मावत होती.

राजारामपुरीत एक मुलगी कोरियन शिकवते असं कळलं, म्हणून पत्ता शोधत गेले. दार उघडलं ती माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. शेवटच्या बाकावर बसायची, व्याकरणात कशीबशी पास व्हायची, आणि वहीच्या मागच्या पानावर कसल्या कसल्या कोरियन गाण्यांतल्या पोरांची चित्रं काढायची. त्या वहीवरून मी तिला वर्गाबाहेर उभी केलेली मला लख्ख आठवलं. तिलाही आठवलं असणार. पण ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "बाई, या की. तुम्ही शिकणार? माझ्याकडनं?"

"शिकव बाई," मी म्हटलं. "आणि बाहेर उभी करायची असेल तरी कर."

ती हसली, पण सोडलं नाही तिनं मला. चुकले की "बाई, परत" एवढंच म्हणायची. हा 'परत' माझाच होता, माझ्याच सुरात. अक्षरं पंधरवड्यात आली. खरी गंमत सुरू झाली ती विशेषणांपाशी.

कोरियन भाषेत विशेषण आपल्यासारखं नामाला चिकटून गुपचूप बसत नाही. ते क्रियापदासारखं वागतं. 'मोठा' असा सुटा शब्द नाही, 'मोठं असणे' असा आहे, 'खदा'. 'तिखट' नाही, 'तिखट असणे', 'मेप्ता'. त्याची वस्तू करायची असेल तर आधी शेवटचं 'दा'चं शेपूट छाटायचं, मग 'न' लावायचा, मग पुढं 'गॉत' हा शब्द ठेवायचा. गॉत म्हणजे वस्तू, चीज, जे काही असेल ते. खदाचं खन गॉत, म्हणजे मोठी वस्तू. तालदाचं तान गॉत, गोड वस्तू; 'न'पुढं 'ल' आपोआप गळतो. मेप्ताचं मात्र मेउन गॉत. मधला 'प' जातो आणि तिथं 'उ' येऊन बसतो.

"हे का?" मी विचारलं.

"अनियमित आहे, बाई. पाठच करायचं."

नेमका तिखटच नियम मोडतो म्हटल्यावर मला बरं वाटलं. कोल्हापूरकरणीला एवढं तरी ओळखीचं भेटलं.

पण मनातून मला त्या 'गॉत'चा राग यायचा. कशाला हवं हे लोढणं? आपण नाही का विशेषणालाच नाम करून मोकळे होत? 'विशेषणाचा नामासारखा उपयोग' हा धडा मी दरवर्षी एकाच उदाहरणानं शिकवायची. फळ्यावर लिहायची, 'तांबडा आण, पांढरा आण.' आणि विचारायची, "मुलांनो, काय आणायचं?" अख्खा वर्ग ओरडायचा, "रस्सा!" वाक्यात रस्सा कुठं लिहिलाय, असं म्हटलं की सगळे परत फळ्याकडे बघायचे, आणि मग एखाद्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. दोन विशेषणांवर हे शहर जेवतं, असं मी म्हणायची. नेसरीकडून आलेले इन्स्पेक्टर एकदा मागच्या बाकावर बसून हे ऐकत होते आणि तपासणीच्या वहीत शेरा लिहायचा सोडून त्यांनी मला घरी रस्सा कसा करता ते विचारलं. ते दिवस, तो खडूचा वास, ती पोरं. आता कुणी 'बाई' अशी हाक मारली की रस्त्यात दोनदा वळून बघते.

मी हे सगळं माझ्या मास्तरणीला ऐकवलं. ती म्हणाली, "बाई, मराठी पुरे. गॉत विसरलात."

घरी यांना वेगळीच करमणूक झाली होती. आमचे हे मूळचे राधानगरीकडचे, दूध संघातून निवृत्त झालेले. बोलणं आजही गोठ्यात उभं राहून बोलल्यासारखं. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चटणीच्या डब्यावर मेउन गॉत, साखरेच्या डब्यावर तान गॉत, असं सगळं. हे सकाळी चहा करायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं ए, साखर कुठं हाय? हितं समदी औषधाची दुकानं मांडल्यात!"

"डबा उघडून बघा," मी म्हटलं.

"पोरीसंग बोलायला येवढं काय? माया लावली की कळतंय तिला. म्हशीला कळतंय, पोरीला कळायचं न्हाय व्हय?"

मला राग आला. चाळीस वर्षं म्हशींचं ऐकतेय. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला यांची कीवच आली. येईल तेव्हा कळेल, नात माझ्याजवळ असेल आणि तुम्ही लांबून बघत बसाल, असं मी मनात म्हटलं.

डिसेंबरात मास्तरणीनं पुढचा धडा घेतला. वस्तू नसेल, नुसता भाव असेल, तर विशेषणाला शेवटी 'म' लावतात. आनंदी असणे याचा आनंद होतो, गिप्पम. दुःखी असणे याचं दुःख, सल्फम. मी ते दोन्ही शब्द आरशासमोर म्हणून पाहिले. दोन्ही म्हणताना शेवटी ओठ मिटतात. मी तिला विचारलं, आठवण येण्याला काय म्हणतात? ती म्हणाली, बाई, ते पुढच्या भागात आहे, आधी एवढं पक्कं करा. मी पक्कं केलं.

ते आले त्या दिवशी मी दारातच तयार होते. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मग खाली बसून हातातली पेढ्याची वाटी पुढं करत पाठ केलेलं अख्खं वाक्य म्हटलं. ही गोड वस्तू आहे. एकही चूक नाही. नात आईच्या पायाआड गेली. एक डोळा तेवढा बाहेर होता, आणि तो माझ्याकडे नाही, पेढ्याकडे संशयानं बघत होता.

मुलगा हसत सुटला. "आई, तू बातम्या दिल्यासारखं बोलतेयस. 'गॉत' पुस्तकात. बोलताना नुसतं 'गॉ' म्हणतात."

"म्हंजे आपल्या 'आहे'चं 'हाय', तसंच की!" हे म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली.

मी पेढ्याची वाटी खाली ठेवली. एकतीस वर्षं मी पोरांच्या वहीतल्या 'हाय'वर लाल काट मारून वर 'आहे' लिहिलेलं होतं. माझंच वाक्य आता कुणीतरी तसं खोडत होतं.

मग मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं. निघण्याआधी सुनेनं नातीला बजावलं होतं की आजीचं गाव तिखटासाठी प्रसिद्ध आहे, तिथं काहीही तोंडात घालण्याआधी विचारायचं. त्यात सुनेची चूक नव्हती. पोरीला मागं एकदा काहीतरी तिखट लागून रात्रभर त्रास झाला होता. म्हणजे मी दारात उभी राहण्याआधीच माझा डबा चिठ्ठीसकट तयार होता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच दिवशी सगळी गल्ली नातीला बघायला लोटली. आम्ही गल्लीत चाळीस वर्षं राहतो, दार लावून घ्यायची सोय नाही. जी येईल ती गाल ओढणार, "काय गं बाई, भावलीच हाय की!" म्हणणार आणि केसांवरून हात फिरवून जाणार. तिन्हीसांजेला पोरीचा चेहरा उतरला. जेवेना, किरकिर करू लागली, अंग थोडं कोमट लागलं. प्रवासाचा शीण होता, दुसरं काय असणार. विज्ञानाच्या बाईंशी अंधश्रद्धेवर वाद घालणारी बाई मी, मला काय कळत नव्हतं? पण हात ऐकेनात. माझ्या आईनं माझी दृष्ट काढली, मी मुलाची काढली. मुलगा लहानपणी तापला की मी आधी दृष्ट काढायची आणि मग डॉक्टरांकडे न्यायची, त्या क्रमात कधी बदल झाला नाही.

मी मुठीत मीठ घेतलं, मोहरी घेतली आणि सात सुक्या लाल मिरच्या. नात पलंगावर आईच्या मांडीवर होती. मी समोर जाऊन तिच्या तोंडावरून मूठ फिरवू लागले, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, कुणाकुणाची..." ती माझ्या मुठीकडे बघत होती. मुठीतून लाल शेंडे बाहेर आले होते. मग मी आत जाऊन सगळं तापल्या तव्यावर टाकलं.

ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजायचं. आणि लागला तर दृष्ट नव्हतीच. त्या संध्याकाळी दृष्ट नव्हतीच. धुराचा लोट स्वयंपाकघरातून माजघरात आला, हे खोकत अंगणात गेले, मुलगा खिडक्या उघडत धावला. नात दोन्ही हातांनी डोळे चोळत ओरडत होती, "मेवॉ! मेवॉ!" तिखट, तिखट. सून तिला उचलून जिन्यानं गच्चीवर गेली. त्या खांद्यावरून नातीनं मागं वळून माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या आईला काहीतरी सांगितलं. मला त्यातले दोनच शब्द कळले, आणि ते कळण्याइतका अभ्यास मी केला नसता तर बरं झालं असतं. 'मेउन हाल्मॉनी.' तिखट आजी.

मी तवा मोरीत टाकला आणि नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रत्येक गोष्टीला तोच प्रश्न लावला. केळं दिलं, "मेउन गॉया?" तिखट वस्तू आहे का? दूध दिलं, मेउन गॉया? पाण्याचा पेला पुढं केला तरी मेउन गॉया? मी म्हणायची, नाही गं, तिखट नाही. कोरियनमध्ये म्हणायची, बरोबर म्हणायची. ती ऐकून घ्यायची आणि बापाकडे बघायची. बापानं मान हलवली तरच घ्यायची, आणि तेही वाटी खाली ठेवल्यावर. माझ्या हातातून नाही.

आणि यांचं काय चाललं होतं? यांना एक शब्द येत नव्हता. सकाळी साडेसहाला अंगणात उभे राहून हाक मारायचे, "काय पावणं, दूध प्यायला येताय न्हवं?" आणि ती टोपी घालून तयार. हात धरून दोघं कट्ट्यावर जायची. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध पेल्यात देतात. परत यायची तेव्हा तिच्या ओठावर पांढरी मिशी असायची. "हायान गॉ!" ती आईला ओरडून सांगायची, पांढरं, पांढरं! यांनी तिला माझ्याआधी विशेषणं शिकवली, तिच्याच भाषेतली, एक शब्द न शिकता. परत आल्यावर तिच्या चिंधीच्या सशाला मांडीवर घेऊन हे रिकाम्या मुठीनं त्याची दृष्ट काढायचे. "आल्यागेल्याची, म्हशीबिशीची, हाल्मॉनीची..." आणि शेवटी मूठ उघडून फू करायचे. ती खिदळायची. ती माझी नक्कल आहे हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

मला हेवा वाटला. सख्ख्या नवऱ्याचा हेवा. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

आठव्या दिवशी मी मास्तरणीला फोन केला. सगळं सांगितलं, मिरच्यांसकट. तिकडून खोकल्यासारखा आवाज आला. हसू दाबत असावी. मग म्हणाली, "बाई, तुम्ही तिला उत्तरं देताय. तिला काहीतरी ओळखायला द्या. तुम्ही आम्हाला द्यायचात तसं." तिला माझं 'मुलांनो, काय आणायचं?' आठवत होतं, शेवटच्या बाकावरून ऐकलेलं.

आजऱ्याहून बहिणीनं नव्या घनसाळाचं पोतं पाठवलं होतं. छोट्या दाण्याचा, वासाचा तांदूळ. दुपारी मी अंगणात सूप घेऊन निवडायला बसले. नातीला बोलावलं नाही. नुसती मोठ्यानं बोलत राहिले. एक खडा उचलला, "कामान गॉ," काळा. फेकला. तुटलेला अर्धा दाणा उचलला, चागन गॉ, लहान. फेकला. थोड्या वेळानं सावली आली. मग ती सुपापलीकडे उकिडवी बसली. मी एक अख्खा पांढरा दाणा उचलून म्हटलं, "कामान गॉ."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला माझीच मी आठवले, फळ्यापाशी उभी. "हायान गॉ," ती म्हणाली, एकेक अक्षर सुटं करून. ढ विद्यार्थ्याला सांगतात तसं.

मग मी चुकत गेले. मोठ्याला लहान म्हटलं, काळ्याला पांढरं. तिनं प्रत्येक चूक सुधारली. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी नापास झाले नव्हते. दोन दिवसांनी तिनं ससाही सुपाशेजारी आणून बसवला. पाच शेर तांदूळ आम्ही चार दिवस निवडला. त्यातले खडे पहिल्याच दिवशी संपले होते, पण मी संध्याकाळी अंगणातले बारके दगड गोळा करून गुपचूप परत मिसळायची. सुनेनं मला एकदा तसं करताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या कुंडीतले चार काळेभोर खडे सुपाशेजारी आणून ठेवलेले दिसले.

मुलाचं बालपण मला त्या सुपापाशी परत भेटलं. तोही वस्तूचं नाव कधी घ्यायचा नाही. "आई, गार दे." "आई, गोड दे." "मोठं मला, बारकं बाबांना." मी त्याला कितीदा रागावले असेन, 'नीट नाव घेऊन माग' म्हणून. आता कुणी येऊन नुसतं 'गोड दे' म्हणालं असतं तर मी डबाच हातात दिला असता.

पण खायचं म्हटलं की नातीचं तेच. खेळत होती, शेजारी बसत होती, हसतसुद्धा होती. एकदा मी बाजारातून साधे चुरमुरे आणले, तिखट भडंग नव्हे, आणि तिच्यासमोर आधी स्वतः खाल्ले. तिच्याकडे असलेच तांदळाचे फुगलेले दाणे खातात, तिनं ओळखले. वाटीतून घेतले, भराभर खाल्ले. मी मुठीत घेऊन पुढं केले तेव्हा मुठीकडे बघून मागं सरकली. माझी मूठ तिला दिसली की तिला तो धूरच दिसत असणार. तेराव्या दिवशीही तेच, चौदाव्याही.

पंधराव्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. बॅगा डिकीत गेल्या. मुलगा मला घट्ट धरून उभा राहिला, सुनेनं वाकून नमस्कार केला, आपल्या पद्धतीनं, पायाला हात लावून. मी वाटीत दही-साखर घेऊन उभी होते. आमच्याकडे घरातून निघणाऱ्याच्या तळहातावर दही देतात. मुलानं घेतलं, सुनेनं घेतलं. नातीपुढं चमचा धरायची माझी हिंमत होईना. कशाला जाताना तिला पुन्हा तो प्रश्न विचारायला लावायचा, असं वाटलं. मी वाटी मागं घेतली.

नात घरात पळाली. "आता काय राहिलं हिचं?" असं मुलगा म्हणतोय तोवर ती परत आली, उजवी मूठ घट्ट मिटलेली, बोटांच्या फटीतून चुरमुरे सांडत. माझ्या पुढ्यात येऊन तिनं मला खूण केली, खाली बस. मी गुडघ्यांची पर्वा न करता उंबऱ्यावर बसले. तिनं ती मूठ माझ्या तोंडावरून फिरवली. एकदा, दोनदा, मोजून. आणि तोंडानं, गंभीर चेहऱ्यानं, म्हणत होती, "आल्यागेल्याची, आल्यागेल्याची, म्हशीबिशीची."

पंधरा दिवसांत तिनं माझ्याशी उच्चारलेले ते पहिले मराठी शब्द. शेजारी हे टोपी डोळ्यांवर ओढून भिंतीकडे बघत होते.

मग तिनं मूठ उघडली. चुरमुरे घामानं ओलसर झाले होते. तिनं ते माझ्या ओठांपाशी आणले, आणि मी तोंड उघडेना म्हणून मला समजावून सांगितलं, हळू, भीती घालवायला सांगतात तसं.

"आन मेउन गॉ, हाल्मॉनी." तिखट नसलेलं आहे, आजी.

मी खाल्ले. सगळे खाल्ले, एकही खाली पडू दिला नाही. ती गेल्यावर आठवडाभरानं मी मास्तरणीकडे जाऊन पुढचा भाग उघडायला लावला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'गरिऊम' एवढा एकच शब्द लिहून घेतला. आठवण येणं. त्यालाही शेवटी ओठ मिटतात. पण ते नंतरचं. त्या सकाळी माझ्या तोंडात चुरमुरे होते आणि मला काही बोलता येत नव्हतं. तिनं माझं तोंड रिकामं होईपर्यंत वाट पाहिली, मग वाटीत डोकावून पाहिलं, बापाकडे बघितलं नाही, आणि तळहात माझ्यापुढं धरला.

"तान गॉ च्वॉ," ती म्हणाली. गोड दे.

मी आत जाऊन आणखी साखर घेऊन आले.